अर्धं डुक्कर घ्यायचं, पण कोणत्या वजनावर?

ताई, नमस्कार. आमचं चौघांचं कुटुंब. मी, नवरा आणि १० व ६ वर्षांच्या दोन मुली. पोर्क सगळ्यांना आवडतं, आठवड्यातून दोनदा तरी होतंच. दुकानातलं मांस मात्र पाणचट, बेचव लागतं. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर एक फार्म आहे. तिथे डुकरं मोकळ्या कुरणावर वाढवतात आणि अख्खं किंवा अर्धं जनावर थेट गिऱ्हाइकाला विकतात. मालक म्हणाले, ‘आमची डुकरं निव्वळ गवतावर वाढतात. १२० किलोचं जनावर तयार आहे, अर्धं तुम्ही घ्या.’ म्हणजे ६० किलो, आणि किलोचा दर दुकानापेक्षा बराच कमी! मी हरखून गेले. पण पूर्ण पैसे आधी भरायचे आहेत. नवरा म्हणतो, एवढं मांस ठेवायचं कुठे? शिवाय मोकळ्यावर फिरणाऱ्या डुकरांच्या अंगात जंत असतात म्हणे. यावरून घरात रोज वाद होतोय. घेऊ की नको?
– एक वाचक

घ्या. पण लगेच घेऊ नका, आणि पूर्ण पैसे आधी भरून तर मुळीच नको. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा चुकलेला आहे, तो आधी दुरुस्त करू.

१२० किलो हे त्या डुकराचं जिवंत वजन. कत्तलीनंतर रक्त, केस, आतडी वगैरे गेलं की जे धड आकड्याला टांगलं जातं, ते जिवंत वजनाच्या साधारण ७० ते ७५ टक्के भरतं. १२० किलोच्या जनावराचं धड ८६ किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या अर्ध्याचं ४३. पुढे खाटीक ते फोडतो. हाडं निघतात, जादा चरबी निघते, गारठ्यात टांगून ठेवल्यामुळे थोडं पाणीही उडतं. मग पाकिटात भरून घरी येतं ते साधारण ३० किलो. हाडासकट जास्त तुकडे ठेवले तर दोन-तीन किलो वर, सगळं बिनहाडाचं करून घेतलं तर तेवढेच खाली. तुम्ही ६० किलो गृहीत धरलेत. यात कोणी तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. या धंद्यात तिन्ही वजनं रोजच्या बोलण्यात असतात, आणि बोलणाऱ्याला वाटतं की समोरच्याला कळलं.

म्हणून मालकांना पहिला प्रश्न हाच विचारा: दर कोणत्या वजनावर आहे? जिवंत, टांगलेल्या, की हातात मिळणाऱ्या? समजा, किलोला १०० असा दर आहे. चलन कुठलंही असो. तो जिवंत वजनावर असेल तर तुम्ही ६० किलोचे ६,००० मोजणार आणि घरी ३० किलो आणणार, म्हणजे खरा दर किलोला २००. टांगलेल्या वजनावर असेल तर ४,३०० मोजणार आणि खरा दर १४३ पडणार. आकडा तोच, पण पहिल्यात आणि दुसऱ्यात किती फरक पडला पाहा. त्यावर कत्तलीची मजुरी, तुकडे करण्याची मजुरी आणि पॅकिंगचा खर्च वेगळा आहे की त्यातच धरला आहे, हेही विचारा. बेकन किंवा हॅम तिथेच करून घेतलंत तर त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी निराळे लागतात. हे सगळं मिळवून येणारा दर दुकानाच्या दराशी ताडून पाहा. ताडताना दुकानातल्या महागड्या चापांशी तुलना करू नका. तुम्हाला चापांबरोबर पाय, हाडं, चरबी असं सगळंच मिळणार आहे. दुकानातही खांदा, मांडी, पोट, खिमा असं मिश्र घेतलं तर काय पडेल, तो आकडा धरा. हा हिशेब केल्यावर बरेचदा दिसतं की फार्मचं मांस दुकानापेक्षा स्वस्त नाही, थोडं महागच आहे. तरीही मी म्हणेन की ते घेण्यासारखं असू शकतं. पण मग ते चवीसाठी आणि जनावर नीट जगलं यासाठी घ्यायचं. बचत होईल म्हणून घेतलंत तर पहिल्याच महिन्यात मन खट्टू होईल.

आता मालकांच्या ‘निव्वळ गवतावर’ या शब्दांकडे वळते, कारण ते वाचून मी थबकले. डुकराचं पोट आपल्यासारखं एककप्पी असतं. गाई-म्हशींसारखा रवंथ ते करत नाही. गवतातला चोथा मोठ्या आतड्यात थोडाफार आंबतो आणि त्यातून काही पोषण मिळतं, पण तेवढ्यावर वाढत्या डुकराचं भागत नाही. त्याला धान्य लागतं, डाळवर्गीय काही लागतं, कुठे ताक-निवळी, कुठे झाडाखाली पडलेली फळं, कंद, भाजीपाला मिळतो. त्यामुळे निव्वळ गवतावर १२० किलोचं डुक्कर हे बोलणं एक तर अर्धवट आहे किंवा खरंच तसं असेल तर ती जनावरं उपाशी आहेत. बहुधा मालकांना ‘कुरणावर मोकळी असतात’ एवढंच म्हणायचं असेल. भांडू नका. सहज विचारा, ‘रोजचा खुराक काय असतो?’ चांगला पशुपालक या प्रश्नावर खुलतो. धान्य कुठून आणतो, किती घालतो, कोणत्या महिन्यात काय बदलतो, हे तो अर्धा तास सांगत बसेल. जो टाळाटाळ करतो किंवा गवताचाच हेका धरतो, त्याच्याकडे मी पैसे गुंतवणार नाही.

खुराक विचारायचं आणखी एक कारण आहे. डुक्कर जे तेल खातं, तेच बऱ्याच अंशी त्याच्या चरबीत उतरतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात चाऱ्यातल्या तेलाचं रूप बदलतं, डुकराच्या पोटात फारसं बदलत नाही. खुराकात सोयाबीनचं किंवा मक्याचं तेल भरपूर असेल तर चरबी मऊ, ओशट होते आणि लवकर खवटते. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये इबेरियन जातीची डुकरं शेवटचे काही महिने ओकच्या रानात पडलेली फळं खाऊन वाढवतात. त्या चरबीत ऑलिव्ह तेलात असतं तेच ओलिक आम्ल इतकं असतं की ती हाताच्या उबेनं पाघळते, तरी खवटत लवकर नाही. हिरवा चारा खाणाऱ्या डुकरांत ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ तुलनेनं जास्त सापडतं. फिरल्यामुळे आणि सावकाश वाढल्यामुळे मांस गडद आणि घट्ट होतं. तुम्ही ज्याला पाणचट म्हणता, त्याचं उत्तर यात थोडंफार आहे. मात्र औषध समजून हे मांस खाऊ नका. चांगलं अन्न म्हणून खा.

पाणचटपणाचं दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. कत्तलीच्या आधी डुक्कर घाबरलं, दमलं, मारामारी करत राहिलं, तर मेल्यावर अंगात ऊब असतानाच स्नायूंतली आम्लता झपाट्यानं वाढते. मांस फिकट पडतं, लिबलिबीत होतं आणि त्याला पाणी सुटतं. तव्यावर टाकलं की आक्रसतं आणि कोरडं होतं. काही जातींत हा दोष रक्तातच असतो. म्हणून कुरणावर सुखानं वाढलेलं जनावर शेवटच्या दिवशी खचाखच भरलेल्या गाडीतून चार तास हिंदकळत नेलं, तर वर्षभराची मेहनत त्या चार तासांत वाया जाते. कत्तलखाना किती लांब आहे, नेल्यावर जनावराला विसावा देतात का, ओळखीच्या कळपातलीच डुकरं एकत्र नेतात का, हे विचारा. हे प्रश्न फार्मवर क्वचितच कोणी विचारतं, आणि मला स्वतःला ते सगळ्यात मोलाचे वाटतात.

फार्म प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. गेलात की आधी जमीन पाहा. डुक्कर नाकानं जमीन नांगरतं, तो त्याचा स्वभाव आहे. त्यामुळे जिथे ती सध्या आहेत तिथली जमीन उकरलेलीच दिसणार, त्यात गैर काही नाही. पण शेजारी विसावलेले, पुन्हा हिरवे होत असलेले तुकडे दिसले पाहिजेत, म्हणजे मालक जागा बदलत राहतो. सगळीकडे नुसता काळा चिखल आणि गवताचं पातं नाही, तर ते कुरण नावापुरतं. सावली आणि लोळायला ओली जागा आहे का? डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, चिखल हीच त्याची थंडावा मिळवायची सोय. पांढऱ्या डुकरांची कातडी तर उन्हानं भाजते. शेपट्या पाहा. दाटीवाटीत कोंडलेली डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून तिथे पिलांच्या शेपट्या आधीच छाटतात. अखंड, गुंडाळी झालेल्या शेपट्या हे चांगलं लक्षण.

नर खच्ची केलेले आहेत का, हेही विचारून घ्या. वयात आलेल्या अखंड नराच्या चरबीत काही वेळा एक उग्र वास धरतो, मुतारीसारखा किंवा शेणासारखा. मांस कच्चं असताना तो कळत नाही, शिजवताना घरभर होतो. गंमत अशी की त्यातला एक वास काही माणसांना येतच नाही आणि काहींना सहन होत नाही. तुमच्या घरात तुम्हाला वास आला नाही आणि मुलींनी ताटं सरकवली, असं ३० किलोंच्या बाबतीत व्हायला नको. मादी किंवा खच्ची केलेला नर मागा. एखादं जनावर आजारी पडलं तर प्रतिजैविक देतात का आणि दिल्यावर कत्तलीपूर्वी ठरलेले दिवस थांबतात का, तेही विचारा. ‘आम्ही औषध कधीच देत नाही’ या उत्तरावर मी खूश होत नाही. आजारी जनावराला औषध द्यावं, आणि नंतर पुरेसं थांबावं.

तुम्ही फार्मवर जाताना धुतलेले बूट घाला, डब्यात मांसाचं काही नेऊ नका आणि एकाच दिवशी दोन फार्म पाहू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळप संपवतो, आणि त्याचा विषाणू बुटांच्या मातीतून, मांसाच्या उष्ट्यातून सहज जातो. याच कारणासाठी मालक डुकरांना घराघरांतलं किंवा खाणावळींचं उष्टं घालतो का, हे पाहा. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची जी प्रचंड साथ आली, तिचा माग न उकळलेलं खरकटं घालणाऱ्या एका वराहपालन केंद्रापर्यंत पोचला होता. तेव्हापासून तिथे डुकरांना खरकटं घालायला बंदी आहे.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. मोकळ्यावरच्या डुकराचा उंदीर, रानटी जनावरं, मांजरांची विष्ठा यांच्याशी बंदिस्त डुकरापेक्षा जास्त संबंध येतो. मेलेला उंदीर खाल्ला तर ट्रिकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या स्नायूंत शिरू शकतात. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी येतो, जो गरोदर बाईच्या गर्भाला घातक असतो. आणि जिथे माणसं उघड्यावर शौचाला बसतात व डुकरं तिथे पोचतात, तिथे फीतकृमीचा धोका असतो. त्याच्या अळ्या डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या पाणीदार फोडांसारख्या दिसतात. त्यामुळे कुंपण कसं आहे, खुराकाची कोठी उंदरांपासून बंद आहे का, शौचालयाची सोय आणि सांडपाणी कुठे जातं, हे नक्की पाहा. असं मांस कत्तलीनंतर पशुवैद्यकानं तपासलेलं असावं. युरोपीय संघात मोकळ्यावर वाढलेल्या डुकराच्या श्वासपटलाच्या स्नायूचा तुकडा घेऊन ट्रिकिनेलासाठी तपासतात. तुमच्या भागात काय नियम आहेत ते विचारा, आणि तपासणीचा शिक्का नसलेलं, कोणाच्या तरी आवारात कापलेलं मांस घेऊ नका. माझं यावर दुमत नाही.

त्यापुढची सुरक्षितता तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मांसाचा थर्मामीटर घ्या. अखंड तुकडा असेल तर मध्यभागी ६३ अंश सेल्सियस येऊ द्या आणि आचेवरून काढून ३ मिनिटं तसाच राहू द्या. खिमा आणि सॉसेज ७१ अंशांपर्यंत न्या, कारण दळताना बाहेरचे जंतू आत जातात. कलेजी पूर्ण शिजवा, हेपॅटायटिस ई हा यकृताला सूज आणणारा विषाणू डुकराच्या कलेजीतून येऊ शकतो. मांसाचा रंग पाहून अंदाज बांधू नका. फ्रीजरचीही मदत होते. १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचं मांस उणे १५ अंशांत सलग २० दिवस राहिलं तर डुकरात आढळणाऱ्या ट्रिकिनेलाच्या अळ्या मरतात. फीतकृमीच्या अळ्या त्याहून बऱ्याच आधी मरतात. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ असतं. म्हणजे घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे हे मांस शिवलंच नाही तर यजमानांचा अर्धा घोर मिटेल. पण साल्मोनेलासारखे जिवाणू गोठवून मरत नाहीत, ते नुसते निजतात. म्हणून गोठवलं तरी शिजवायचं नीटच.

‘एवढं ठेवायचं कुठे’ हा त्यांचा दुसरा प्रश्न, आणि त्यालाही उत्तर आहे. ढोबळ मानानं दर १५ किलो मांसाला ३० लिटर जागा लागते. ३० किलोंना ६० लिटर, पण पाकिटं वेडीवाकडी असतात आणि हाडाचे तुकडे जागा खातात, म्हणून ८० ते १०० लिटर रिकामी जागा धरा. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हे मावणार नाही. छोटा डीप फ्रीजर लागेल. त्याचा खर्च आणि विजेचं बिल वरच्या हिशेबात धरा. अजून एक गोष्ट, जी फार महत्त्वाची आहे. ३० किलो ताजं मांस एकदम घरच्या फ्रीजरमध्ये कोंबू नका. तो ते वेळेत गोठवू शकत नाही. मधली पाकिटं दोन-दोन दिवस गारढोण पण न गोठलेली राहतात, बर्फाचे मोठे खडे बनतात, तंतू फाटतात आणि शिजवताना सगळा रस निघून जातो. खाटकाकडेच ते कडक गोठवून घ्या आणि थर्मल खोक्यांतून घरी आणा. एक तासाचा प्रवास काहीच नाही. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४.

किती दिवस टिकेल? उणे १८ अंशांत मांस खराब होत नाही, पण चव उतरते. डुकराची चरबी गोमांसाच्या चरबीपेक्षा लवकर खवटते, गोठलेली असली तरी. चाप आणि मोठे तुकडे ४ ते ६ महिने उत्तम, व्हॅक्यूम पॅकिंग असेल तर आणखी काही महिने. खिमा ३ ते ४ महिने. सॉसेज आणि बेकन एक-दोन महिनेच, कारण मीठ चरबीला लवकर खवटवतं. आता तुमचा हिशेब करू. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चौघांना ७०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १.४ किलो. ३० किलो साधारण २१ आठवडे पुरतील, पाच महिन्यांच्या आत संपेल. म्हणजे अर्धं डुक्कर हे तुमच्या घराचं अगदी बरोबर माप आहे. अख्खं घेतलंत तर दहा महिने लागतील आणि शेवटची पाकिटं जुनी चव देतील, म्हणून ‘अख्ख्यावर सवलत’ ऐकून भुलू नका.

पण वजनाचा हिशेब जमला म्हणजे खाण्याचा जमला असं होत नाही, आणि मला या पत्रातून तुम्हाला जे सांगायचं आहे ते हेच. अर्ध्या डुकरात फिले, म्हणजे पाठीच्या आतल्या बाजूचा सगळ्यात मऊ तुकडा, एकच असतो, जेमतेम अर्धा किलोचा. चाप आणि बरगड्या सगळ्यांना हव्या असतात, पण त्या एकूण मांसाचा लहानसा भाग. खांदा आणि मांडी मिळून जवळजवळ निम्मं मांस असतं, आणि ते तीन-चार तास मंद आचेवर शिजवत ठेवायला सवड असलेली बाई किंवा बुवा घरात असावा लागतो. पाय, डोक्याचा अर्धा भाग, गुर्दा, कलेजी, नळ्या, चरबीचा गोळा, हे सगळं तुमचं. घरात फक्त चाप आणि खिमा खाल्ला जात असेल तर तुम्ही दोन महिन्यांत आवडतं संपवाल आणि उरलेलं वर्षभर फ्रीजरच्या तळाशी पडून राहील. माझ्याकडे पहिल्या वेळी असंच झालं. खाटकानं फोनवर ‘बाकीचं काय करू?’ असं विचारलं, मला उत्तर सुचेना, मी म्हटलं खिमा करा. ११ किलो खिमा झाला. मुलं कंटाळली, आणि पाच महिन्यांनंतरच्या पाकिटांना खवट वास येऊ लागला. चांगल्या खांद्याचं मांस होतं ते. अजून वाईट वाटतं.

म्हणून खाटकाशी तुम्ही स्वतः, कागद समोर घेऊन बोला. चाप किमान अडीच सेंटिमीटर जाडीचे सांगा. पातळ चाप तव्यावर वाळतात. पाकिटं तुमच्या एका जेवणाच्या मापाची, ७०० ग्रॅमची. खांद्याचे दीड-दोन किलोचे तुकडे, हाडासकट, कारण हाडाजवळचं मांस मंद आचेवर सगळ्यात छान होतं. खिमा चार-पाच किलोंपेक्षा जास्त नको. पोटाचं मांस ताजंच, तुकडे करून घ्या. सगळ्याचं बेकन केलंत तर ते महिन्या-दोन महिन्यांत संपवावं लागेल. कातडी हवी का, हे कत्तलीच्या आधीच ठरवा. काही ठिकाणी ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात घालून केस खरवडतात, मग कातडी राहते. काही ठिकाणी सरळ सोलतात, मग कातडी गेली आणि तिच्याबरोबर थोडी चरबीही. प्रत्येक पाकिटावर तुकड्याचं नाव, वजन आणि तारीख लिहायला सांगा. गोठल्यावर खांदा आणि मांडी ओळखता येत नाही.

चरबी सोडून येऊ नका. बऱ्याच जणांना ती नको असते, आणि खाटीक विचारतही नाही. गुर्द्याभोवतीची चरबी सगळ्यात शुभ्र आणि निर्मळ असते. ती बारीक चिरून जाड बुडाच्या भांड्यात थोड्याशा पाण्याबरोबर अगदी मंद आचेवर ठेवा, पाणी उडून जाईल आणि चरबी वितळत जाईल. गाळून बरणीत भरा. थंड झाली की पांढरीशुभ्र थिजते, फ्रिजमध्ये काही महिने राहते. पाठीची चरबी निराळी ठेवा, तिला मांसाचा वास जास्त असतो. हाडं मोठ्या भांड्यात पाच-सहा तास उकळून पाणी गाळून गोठवा.

पैशांबद्दल. मालकांची बाजूही समजून घ्या. कुरणावरचं डुक्कर तयार व्हायला सहा ते नऊ महिने, जुन्या जातींना त्याहूनही जास्त लागतात. तेवढा काळ खुराक तेच घालतात आणि गिऱ्हाईक ऐन वेळी पाठ फिरवतं. त्यामुळे विसार मागणं रास्त आहे, आणि तो तुम्ही खळखळ न करता द्या. बाकीचे पैसे टांगलेलं वजन काट्यावर पाहून द्या. कागदावर चार ओळी लिहून घ्या: दर कोणत्या वजनावर, मजुरी कोणाची, जनावर आधीच मेलं किंवा तपासणीत नापास झालं तर विसार परत की दुसरं जनावर, आणि कलेजी-डोकं-चरबी कोणाची. अर्धं तुमचं असेल तर दुसरं अर्धं कोणाचं, हेही कळू द्या. कलेजी एकच असते. वजन पाहिल्यावर मात्र घासाघीस करू नका.

तुमचं दोघांचं भांडण मिटवायला एक सुचवते. फार्मवर यजमानांना बरोबर न्या. कुंपण, उंदीर, तपासणीचा शिक्का, हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या, कारण ते त्यांचे आहेत आणि चांगले आहेत. आणि त्या दिवशी अर्ध्याचा विसार देऊ नका. पाच किलो घ्या: दोन किलो खांदा, एक किलो पोट, थोडा खिमा, थोडी कलेजी, एक पाय. चाप मुद्दाम घेऊ नका. तीन आठवडे फ्रीजरमध्ये राहू द्या आणि मग महिनाभर त्यावरच स्वयंपाक करा. मुलींनी खांदा दुसऱ्यांदा मागितला तर मालकांना फोन करा.